नियमात निशांतचं नाव नाही

एरर काकू टाळ्या वाजवायच्या नाहीत. मैदानावर काहीही होवो, कुणी बॉल कुंपणापार मारो, कुणी झेपावून झेल घेवो, त्यांचे हात टेबलावर असायचे. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताखाली वाऱ्याने उडू पाहणारा स्कोअरचा कागद. आजूबाजूचे पालक, मित्रमैत्रिणी, कुत्री फिरवायला आलेली शेजारची मंडळी असे सगळे ओरडायचे आणि काकू तेवढ्या गप्प. मला आधी वाटलं होतं की या बाईंना खेळ आवडत नसावा, मुलासाठी येऊन बसत असतील. पुढे ओळख झाल्यावर मी धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "टाळी वाजवली की डोळे आनंदात जातात गं. मग नक्की काय झालं ते दिसत नाही."

हे बॉनमधलं. ऱ्हाईनच्या पलीकडे, बॉयेलच्या बाजूला, फुटबॉलच्या चांगल्या मैदानांच्या मागे एक जरा उतरतं मैदान आहे. तिथे आमचा छोटा बेसबॉल क्लब खेळतो. जर्मनीत बेसबॉलला कोण विचारतं? त्यामुळे आमची टीम म्हणजे विद्यार्थी, एक दंतवैद्य, दोन शाळामास्तर आणि मुली-मुलगे सगळे एकत्र. पण लीगची मॅच म्हटली की अधिकृत स्कोअरर लागतोच, आणि त्याची परीक्षा पास झालेल्या आमच्या क्लबात फक्त काकू होत्या.

बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर काकू कळणार नाहीत. बॅटरने बॉल मारला, तो फील्डरला अडवता आला नाही आणि बॅटर बेसवर पोचला, तर दोन गोष्टी असू शकतात. फटकाच तसा होता, म्हणजे 'हिट'. किंवा फील्डरने चूक केली, म्हणजे 'एरर'. हे ठरवतो स्कोअरर. नियम एवढाच की साधारण प्रयत्नात तो बॉल घेता आला असता का? आला असता तर एरर, नसता तर हिट. मॅचच्या निकालात याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो ज्याच्या नावापुढे ती एरर लागते त्याला. काकू निर्णय देण्याआधी "आल्झो...", म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', असं लांबवून म्हणायच्या, आणि त्या 'आल्झो'च्या शेवटापर्यंत फील्डरचा श्वास अडकलेला असायचा. 'एरर काकू' हे नाव आम्हा मराठी विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं. नोकरीही त्यांची एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टरची, म्हणजे आठवडाभर चुकाच शोधायच्या. काका म्हणायचे, "आमच्या घरातली पहिली एरर माझ्या नावावर आहे. लग्नात हार घालताना हिच्या डोक्यावरून मागे गेला." काकू मान न उचलता म्हणायच्या, "अहो, तो हार फार वरून आला होता. ते मी थ्रोइंग एरर धरलंय."

माझी आणि त्यांची ओळख माझ्या एका वेडेपणामुळे झाली. मी परभणीकडची. वडिलांची पिठाची गिरणी आहे, आई ब्लाउज शिवते, आणि कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, कारण सरांनी सांगितलं होतं की जिल्ह्यापर्यंत गेलीस तर बोर्डाला जास्तीचे मार्क मिळतील. मार्क मिळाले आणि खेळाची गोडीही लागली. बॉनला मास्टर्ससाठी आल्यावर पहिले काही महिने मला कुणाशी काय बोलावं तेच कळायचं नाही. वर्गात प्रश्न विचारायचा तर आधी मनात जर्मनमध्ये वाक्य जुळवायचं, तोवर प्रोफेसर पुढच्या पानावर. म्हणून इंटरनेटवर शोधून या मैदानावर गेले. सरावाची मॅच होती. पहिला डाव संपला, आमची बॅटिंग आली, आणि मी सवयीने हातातला ग्लोव्ह काढून मैदानावरच ठेवला आणि बाहेर आले.

सगळे बघत राहिले. कुणी म्हणालं, ही ग्लोव्ह विसरली. मी कानापर्यंत लाल. तेवढ्यात जाळीमागच्या टेबलावरून खणखणीत मराठी आलं, "कुठल्या जिल्ह्याची गं तू?"

शाळेत आमच्याकडे दोन्ही टीमना मिळून ग्लोव्ह असायचे नऊ-दहा. आपली फील्डिंग संपली की ग्लोव्ह जागेवर ठेवून यायचं, समोरची मुलगी तोच घालून उभी राहायची. काकू अमरावतीच्या. शाळा-कॉलेजात त्याही तशाच खेळलेल्या. त्या दिवशी त्यांना हसू आवरेना. "अगं, मी इथे पहिल्यांदा आले ना, तेव्हा हेच केलं होतं. समोरच्या टीमच्या माणसाने ग्लोव्ह उचलून पोलिसांत द्यायचा का, असं विचारलं." मी हसले. बॉनला आल्यापासून मोकळेपणाने हसले असेन तर ते बहुतेक त्या दिवशीच.

त्यांचा मुलगा निशांत आमचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा, जिथे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाईट बॉल येतात. निशांत इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. खेळायला लागला की त्याच्या हालचाली बघत राहाव्या अशा. बॉल बॅटवरून निघायच्या आधीच त्याचे पाय निघालेले असायचे. वरच्या लीगमधल्या एका क्लबने त्याला बोलावलंही होतं. आम्ही बाकीचे खरं तर त्याच्या आजूबाजूला उभे असायचो. आणि काकू त्याच्याबाबतीत जास्तच कडक. दुसऱ्या कुणाच्या हातून सुटला असता तर हिट धरला असता, अशा बॉलवर त्याला एरर देतात, असं काका म्हणायचे. काकू म्हणायच्या, "तुम्ही बापाच्या खुर्चीत बसा, मला टेबलावर बसू द्या."

मे महिन्यात एका मॅचमध्ये निशांत दुसऱ्या बेसकडे घसरला आणि त्याचा गुडघा फिरला. आवाज मला बाकावर ऐकू आला. तो ओरडला नाही, फक्त पालथा पडून राहिला. सगळे धावले. काकूंनी आधी कागदावर तो आउट झाल्याची खूण केली, पेन्सिल खाली ठेवली, आणि मग उठल्या. एवढ्यावरून पुढे बराच काळ लोक कुजबुजत होते. एक मराठी बाईच मला म्हणाल्या, कसली आई बाई ही! मलाही ते तेव्हा समजलं नव्हतं. नंतर काकू आपणहून बोलल्या. "ती खूण केली नसती ना, तर माझ्याने उठवलंच नसतं. हाताला काहीतरी काम हवं होतं गं." निशांतचा क्रॉइत्सबांड फाटला होता, म्हणजे गुडघ्याचा मधला अस्थिबंध. ऑपरेशन. त्याचा हंगाम संपला. पुन्हा तसा खेळेल का, हे कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

मग बदली खेळाडूंचा प्रश्न आला. ट्रेनर डीटरने आधी योनासला शॉर्टस्टॉपला उभं केलं. उंच, देखणा, शांत मुलगा. चार मॅच त्याला, मग चार मॅच मला, आणि ज्याचे आकडे बरे तो हंगामभर खेळेल. दोघंही कमी पडलो तर शेजारच्या शहरातल्या क्लबातून एक खेळाडू उसना आणायचा. मॅचच्या आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाही. निशांत गुडघ्याला पट्टा लावून बाकावर बसायचा, आणि माझ्या हातून बॉल सुटला की काही बोलायचा नाही, फक्त दुसरीकडे बघायचा. ते दुसरीकडे बघणं मला पाठीतून कळायचं. बाकीचे मात्र बोलायचे. निशांत असता तर, निशांत असता तर. काकूंनी टेबलाजवळ हे वाक्य बंदच करून टाकलं होतं. कुणी सुरुवात केली की पेन्सिल वर करून म्हणायच्या, "तो नाहीये. पुढे?"

आठ मॅच झाल्यावर डीटरने आकडे मागितले. मी जवळच बूट बांधत होते. योनासच्या चुका अगदी मोजक्या, माझ्या त्याच्या दुपटीहून जास्त. डीटर म्हणाला, "मग ठरलं की." मी लेस सोडून पुन्हा बांधायला लागले, म्हणजे वर बघावं लागू नये.

काकू म्हणाल्या, "आल्झो... योनासच्या डावी-उजवीकडून किती बॉल गेले ते पाहिलंस? ते सगळे हिट आहेत. तो तिथे पोचलाच नाही. ज्याचा हात बॉलला लागत नाही त्याची एरर होत नाही, डीटर. ही पोचते. पोचते म्हणून सांडते." डीटरने कागद पुन्हा पाहिला आणि डोकं खाजवलं. "पण निशांतच्या मानाने..." काकू म्हणाल्या, "निशांतच्या मानाने नाही मोजायचं. त्याची जागा रिकामी राहिली असती, तर तिथून किती बॉल गेले असते? त्यातले हिने किती अडवले, ते मोज." डीटर थोडा वेळ "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत राहिला आणि शेवटी मला म्हणाला, "रविवारी तू."

मला आनंद झाला का? सांगता येत नाही. भीती जास्त वाटली. योनासने मात्र मोठ्या मनाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "देवाचे आभार. तिथे फार पळावं लागतं."

त्यानंतर मी हंगामभर खेळले. बरी खेळले, वाईटही खेळले. काकूंनी माझ्या नावावर पुष्कळ एरर लिहिल्या. एकदा सोपा बॉल पायांतून गेला, मी आशेने टेबलाकडे पाहिलं, तर त्यांनी बोटाने हवेतच 'ई' काढून दाखवला. मॅचनंतर डब्यातला मेथीचा ठेपला हातात देत म्हणाल्या, "हा तुझा, आणि ती एररही तुझीच." कुणी मला चूक सांगून लगेच खायला देतं, हे मला घराबाहेर पहिल्यांदाच मिळत होतं.

आता ऑगस्टमधल्या त्या मॅचबद्दल. आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, लुकास, वय चौतिशीचं. बायकोला बाळ होणार होतं, हा त्याचा शेवटचा हंगाम. त्या दिवशी त्याला काय झालं होतं कोण जाणे, समोरच्यांना एकही हिट मिळेना. डावामागून डाव गेले. पिचरने पूर्ण मॅचमध्ये एकही हिट दिला नाही तर त्याला नो-हिटर म्हणतात. मोठमोठ्या पिचरना आयुष्यभरात मिळत नाही. आमच्या क्लबात तर कधीच कुणाला मिळालेला नव्हता. चालू असताना त्याबद्दल बोलायचं नाही असा रिवाज आहे, म्हणून बाकावर कुणीही काहीच बोलत नव्हतं. लुकासच्या शेजारीसुद्धा कुणी बसेना. मी मनात एकच म्हणत होते, माझ्याकडे नको. माझ्याकडे नको.

शेवटचा डाव, दोन आउट झालेले, तिसऱ्याला मॅच संपणार, आणि बॉल माझ्याकडे आला. माझ्याकडे म्हणजे माझ्या उजवीकडे, खोल, तिसऱ्या बेसच्या बाजूला. मी धावले, झेपावले. ग्लोव्हच्या टोकाला बॉल लागलेला मला कळला. मग तो मागे गवतात गेला आणि बॅटर पहिल्या बेसवर उभा होता.

मी तोंडात माती घेऊन उठले तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळं मैदान काकूंच्या टेबलाकडे बघत होतं. एरर दिली तर लुकासचा नो-हिटर शाबूत. हिट दिला तर गेला. बॉल ग्लोव्हला लागलेला सगळ्यांनी पाहिला होता. काकूंनी एरर म्हटलं असतं तर समोरच्या टीमनेही तक्रार केली नसती, त्यांच्यातले दोघं तर टाळ्या वाजवायच्या बेतात होते. फलकावर आकडे लावणारी छोटी मुलगी हातात पाटी घेऊन वाट बघत होती. काकूंचा 'आल्झो' त्या दिवशी फार लांबला.

"हिट."

कुणीतरी जोरात उसासा टाकला. मग निशांत कुबड्यांवर जाळीपाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं आईला जर्मनमध्ये म्हणाला, "मामा, तो बॉल मी नेहमी घेतो!"

काकू मराठीत म्हणाल्या, "घेतोस. पण नियमात 'साधारण' लिहिलंय, 'निशांत' नाही लिहिलेलं."

पुढचा बॅटर लगेच आउट झाला. आम्ही जिंकलो. एरवी जिंकल्यावर सगळे मधोमध जाऊन एकमेकांवर पाणी ओततात. त्या दिवशी सगळे आपापल्या बॅगा भरायला लागले. लुकासने माझ्याशी हात मिळवला आणि टेबलासमोरून न बघता निघून गेला. निशांत आईच्या गाडीत बसला नाही, योनासबरोबर गेला.

स्कोअररला आपला निर्णय दुसऱ्या दिवसापर्यंत बदलता येतो. हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही लिहीत नव्हतं आणि तेच जास्त वाईट होतं. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून निघाल्यावर मी ट्राम पकडून काकूंच्या घरी गेले. वाटेत वाक्य तयार केलं, यावेळी मराठीतच, तरी पुन्हा पुन्हा जुळवत होते.

काकू थालीपीठ लावत होत्या. काका टेबलावर कांदा चिरत होते. आतल्या खोलीचं दार बंद होतं. काका दाराकडे सुरी दाखवून हळूच म्हणाले, "आतली पार्टी बोलत नाहीये. कालपासून आमच्याकडे पूर्ण शांतता आहे, एकदम जर्मन."

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "काकू, माझ्या नावावर एरर लिहा ना. बॉल लागला होता मला. माझं काय जातंय त्यात? लुकासला किती आनंद होईल. आणि..." मी बंद दाराकडे पाहिलं.

काकूंनी हॉटप्लेट बंद केली. "बस." मी बसले. "तुला तो बॉल घेता आला असता?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. सकाळपासून ऑफिसात डोळे मिटून तोच बॉल बघतेय. शेवटची उसळी, तुझा पाय, ते अंतर. प्रत्येक वेळी हिटच दिसतो. शंका आहे का? आहे. शंका नसती तर या कामाला माणूस कशाला बसवला असता?" त्यांनी हात पुसले. "पण तू हे शंका आहे म्हणून म्हणत नाहीयेस. तू घरातली पहिली ना गं कॉलेजात आलेली?"

मला कळेना, याचा काय संबंध. मी हो म्हटलं.

"मीसुद्धा. आपल्याला कुणी आत घेतलं ना, की आपल्याला तेच फार वाटतं. मग आपण भाडं भरल्यासारख्या दुसऱ्यांच्या चुका आपल्या नावावर घेत बसतो. मी इथल्या ऑफिसात पहिली दोन वर्षं हेच केलं. बग कुणाचाही असो, मी म्हणायची, माझ्याच टेस्टमध्ये राहिलं असेल. सगळे म्हणायचे, किती नेट बाई आहे." 'नेट' म्हणजे जर्मनमध्ये गोड, चांगली. "नेट! मग बढतीच्या वेळी साहेबांनी त्याच चुका वाचून दाखवल्या. आणि सगळ्या माझ्याच नावावर. खोटं कुणीच बोललं नव्हतं, मीच लिहून दिलं होतं."

काका चिरता चिरता थांबले होते. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"अहो, तुम्ही त्यांच्याशी भांडायला गेला असता. जर्मन येत होतं का तुम्हाला तेव्हा?"

मी म्हटलं, "पण काकू, निशांत..."

"तो बोलेल." एवढंच म्हणून त्यांनी हॉटप्लेट पुन्हा लावली. पण थालीपीठ उलटवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, ते एका बाजूने काळं झालं. आपल्या मुलाचं तुटलेलं बोलणं त्यांना किती लागत होतं, ते मला त्या करपलेल्या वासावरून कळलं. त्यांनी ते थालीपीठ स्वतःच्या ताटात घेतलं आणि माझ्यासाठी दुसरं लावलं. निर्णय बदलला नाही.

हंगामाच्या शेवटी ग्रिल पार्टी झाली, तेव्हा लुकास मुलीचे फोटो घेऊन आला होता. सगळ्यांच्या प्लेटमध्ये सॉसेज वाढत तो काकूंपाशी थांबला आणि त्यांच्या प्लेटमध्ये भाजलेलं कणीस ठेवलं. "हे व्हेगी आहे," तो म्हणाला, "आणि तो हिट होता. बहुतेक." काकू म्हणाल्या, "बहुतेक चालेल." दोघंही हसले. जाळीजवळ उभा असलेला निशांत हसला नाही. आईशी त्याचं आता बोलणं होतं, पण दूध संपलंय, डॉक्टरची वेळ बदललीये, एवढंच. मला सारखं वाटायचं की हे माझ्यामुळे झालं. तो बॉल आणखी एक हात दूर गेला असता तर कुणी विचारलंही नसतं. काकूंना हे बोलून दाखवलं तर त्या पुन्हा भाड्याबद्दल ऐकवतील म्हणून गप्प राहिले.

नोव्हेंबरमध्ये अमरावतीला त्यांच्या सासूबाई पडल्या. काकूंनी बिनपगारी रजा घेतली आणि जायचं ठरवलं, परत कधी येणार ते ठरलं नाही. काका, निशांत आणि मी त्यांना फ्रँकफर्टच्या गाडीवर सोडायला गेलो, तर स्टेशनवर रुळांचं काम चाललेलं आणि ट्रेनऐवजी बदली बस लावलेली. काकू लोकांच्या तक्रारी ऐकत रांगेत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बघ बिचारी बस. तिला कुणी विचारतं का, तू ट्रेनएवढी का पळत नाहीस म्हणून?"

काका म्हणाले, "अगं, सगळे तेच विचारतायत."

निशांतने दोन्ही बॅगा उचलून बसच्या पोटात ठेवल्या. गुडघ्यावर जोर येऊ नये म्हणून तो तिरका वाकत होता, आणि काकूंची नजर फक्त त्या गुडघ्यावर होती. त्याने "च्यूस, मामा" म्हणून निरोप घेतला. काकूंनी त्याच्या जॅकेटची चेन वर ओढली. मला म्हणाल्या, "पेपर आहेत ना? नीट जेवत जा आदल्या दिवशी." बस निघाली तेव्हा निशांत मोबाइल बघत होता. निदान हातात तरी धरला होता. स्क्रीन बंद होती.

काकू अजून परतलेल्या नाहीत. सासूबाई चालायला लागल्यात, पण एकट्या राहू शकत नाहीत. मला अधूनमधून फोन करतात. पेपर, थंडी, घरमालकीण असं सगळं विचारतात आणि शेवटी सहज विचारल्यासारखं म्हणतात, "मैदानावर जातोस का म्हणावं त्याला." मी सांगते, जातो.

या वसंतात निशांत पुन्हा शॉर्टस्टॉपला उभा राहिला आणि मी बाकावर गेले. ते योग्यच होतं. पहिल्या मॅचला शेजारच्या क्लबातून आलेले एक गृहस्थ स्कोअरिंगला बसले होते, फार सज्जन, प्रत्येक चांगल्या खेळाला टाळ्या वाजवणारे. तिसऱ्या डावात निशांतच्या डावीकडून एक बॉल गेला. दुखापतीआधी त्याने तो चालता चालता उचलला असता. या वेळी त्याचे पाय निघाले, पण तो गुडघा किंचित थांबला. फारच किंचित. बॉल ग्लोव्हखालून गेला. लोक "ओह" म्हणाले. त्या गृहस्थांनी हळहळत मान हलवली आणि एरर लिहिली. निशांतची ख्याती त्यांनी ऐकली असणार.

डाव संपल्यावर निशांत येऊन माझ्या शेजारी बसला. ग्लोव्ह मांडीवर ठेवून त्यातली माती बोटाने काढत राहिला. बऱ्याच वेळाने जर्मनमध्येच, पण हळू आवाजात त्याने विचारलं, "तिने काय लिहिलं असतं?"

त्याला बरं वाटावं म्हणून काही बोलायची इच्छा फार होत होती. म्हणून मी डोळे मिटले आणि तो बॉल पुन्हा पाहिला. उसळी, त्याचा पाय, अंतर. दुखापतीआधीचा निशांत त्यातून काढून टाकला. तिथे दुसरं कुणीही उभं आहे असं धरलं, योनास, मी, कुणीही.

"हिट," मी म्हटलं. "आधी खूप वेळ आल्झो म्हटलं असतं. पण हिटच."

"मी तिचा मुलगा म्हणून?"

"तू तिचा मुलगा आहेस हे तिने मोजलंच नसतं."

तो ग्लोव्हमध्ये बघत राहिला. आमचा बॅटर आउट झाला, कुणीतरी पाण्याची बाटली मागितली, ती मी पुढे दिली. निशांतने बॅगेतून मोबाइल काढला.

"तिकडे आत्ता किती वाजले असतील?" त्याने विचारलं.

"संध्याकाळ झाली असेल," मी म्हटलं. "जाग्या असतील."